कुसळं नसलेली बाही

“ह्या बाहीला खवलं नाहीत, लाउगा.”

आईचा आवाज होता तो. धुण्याच्या टपावरून, साबणाच्या वाफेतून आलेला, पन्नास वर्षांपूर्वीचा. आई मोठ्यानं बोलली नव्हती. बाबांच्या लोकरी सदऱ्याची ओली बाही तिनं उजेडाकडे धरली, उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि नऊ वर्षांच्या लाउगाला सांगितलं, कारण सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं. जाळ्यावर जाऊन आलेल्या माणसाच्या बाहीला माशांची खवलं चिकटतातच. तीन पाण्यांतून काढली तरी एखादं कुठंतरी चकाकत राहतं. बाबा तर रोज पहाटे जाळ्यावर जातो म्हणून घराबाहेर पडत होते. आईनं त्यांना काही विचारलं नाही. बाही पिळली आणि दोरीवर टाकली. तीन आठवड्यांनी बाबा पत्र्याची पेटी घेऊन पश्चिमेच्या समुद्राकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले, ते गेलेच.

आता मार्च महिना होता, सरोवर अजून काठोकाठ गोठलेलं होतं, आणि तळघरातल्या दिव्याखाली लाउगाच्या हातात तिच्या नवऱ्याची बाही होती. तिनं ती उलटी केली, सुलटी केली. गालाला लावून पाहिली. मऊ लागली. कुसळं नव्हती.

आस्गेरच्या बाहीत असायला हवी होती ती काचेची कुसळं. चाळीस हिवाळे त्यानं बर्फाला भोकं पाडून जाळी ओढली होती. गेल्या शरदात होडी पुतण्याच्या हवाली केली आणि बंदरावर, चुलतभाऊ मुंडीच्या होडीघरात एक नवंच खूळ मांडलं. मोटारीमागे जोडून ओढत न्यायची खोली. आत झोपायचं, आत शिजवायचं, वाटेल तिथं थांबायचं. विडिविक गावात फायबरग्लास कुणाला नवं नव्हतं. लाकडी होड्या गेल्या तेव्हापासून गावातला प्रत्येक पुरुष रेझिनचा चीक कालवायला आणि काचेच्या तंतूंची मॅट फाडायला शिकला होता. पण होडी साच्यावर घडते, आणि आस्गेरकडे साचा नव्हता. म्हणून तो फायबरचे सपाट पत्रे लाकडी कमानींवर वाकवत होता. पत्रा कमानीवर ठेवायचा, वरून पट्टा टाकायचा, पट्ट्याचं दातेरी चाक फिरवून तो ताणायचा. रोज दोनच टक. चाकाचा एक दात पुढं सरकला की टक असा आवाज येई. दोन टक द्यायचे, कमानीवर खडूच्या दोन रेघा मारायच्या आणि घरी जायचं. बारा-पंधरा दिवसांत पत्रा आपण होऊन कमानीला टेकायचा, मग आतून काचेचे थर द्यायचे. घाई केली की आधी पांढऱ्या शिरा उठायच्या आणि मग तडा जायचा.

असं ते वाटोळं, गुळगुळीत, बिनखिडक्यांचं काहीतरी होडीघरात वाढत होतं. गाव त्याला आस्गेरचं अंडं म्हणायचं.

“काय रे, अजून किती दिवस उबवणार?” दुकानात कुणीतरी विचारायचं.

“पिल्लू बाहेर आलं की तुझ्याच दारात सोडतो,” आस्गेर म्हणायचा.

जानेवारीभर त्याचे कपडे लाउगाला शाप झाले होते. कामाला लागण्याआधी तो लहान मुलांची पावडर कोपरापर्यंत चोळायचा, बाह्यांची तोंडं चिकटपट्टीनं बंद करायचा, तरी कुसळं आत जायचीच. डोळ्याला दिसत नाहीत, पण अंगाला कळतात. ती त्याचे कपडे वेगळे, सगळ्यांत शेवटी धुवायची. तरी एकदा तिच्या झोपायच्या झग्यात कुसळं उतरली आणि ती रात्रभर खाजवत बसली. “लग्नाला अडतीस वर्षं झाली,” तिनं सकाळी सुनावलं, “आणि नवरा आता कुठं अंगाला लागायला लागला.” आस्गेर इतका हसला की कॉफी सांडली.

आणि गेले तीन आठवडे सदरे मऊ येत होते. रोज संध्याकाळी तो दारात बूट झटकायचा आणि न विचारता सांगायचा, “आज बरंच काम झालं.”

लाउगानं बाही पिळली. दोरीवर टाकली. टाकता टाकता तिचा हात थांबला, कारण ही हालचाल तिच्या ओळखीची होती.

तिला आस्गेरला विचारता आलं असतं. पण विचारायला तोंड मोकळं असावं लागतं, आणि तिच्या तोंडात तिची स्वतःची एक गोष्ट अडकून बसली होती.

ती फेब्रुवारीतली. ती थर्मासमध्ये कॉफी घेऊन होडीघरात गेली होती. शेगडी पेटलेली, पण आस्गेर आणि मुंडी दोघंही नव्हते. कुणाची तरी गाडी बर्फात रुतली होती ती काढायला गेलेले. लाउगा पहिल्यांदाच एकटी त्या अंड्यात शिरली. उजव्या भिंतीला एक बाक होता, अंथरूण टाकायचा. तिनं पिशवीतून विणकामाची फीत काढली. सत्तावीस इंच. म्हणजे एका माणसाचा. डावीकडे काहीच नव्हतं. डावीकडची भिंत म्हणजे अजून वाकत असलेला पत्रा, आणि त्यावर ताणलेला पट्टा.

एकच बाक. पत्र्याच्या पेटीऐवजी पत्र्याची खोली, एवढाच काय तो फरक.

तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. हात चाकाकडे गेला. टक. टक. टक. सहा वेळा. पत्रा हलकेच कण्हल्यासारखा वाजला. तिनं कॉफी तिथंच ठेवली नाही, आपल्याबरोबर घरी आणली आणि सिंकमध्ये ओतून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आस्गेरनं आपले नेहमीचे दोन टक दिले आणि पत्रा फाटला. एप्रिलमध्ये सरोवराला तडा जातो तसा आवाज झाला म्हणे, मासळीच्या गोदामातली माणसं बाहेर आली. दुपारी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता.

“डावा पत्रा गेला,” तो म्हणाला.

“कसा काय?”

“माझ्याच हातानं.”

लाउगा सूप वाढत होती. तिनं पळी खाली ठेवली नाही. आता त्याला कळेल, असं तिला वाटलं. दोन दिवस वाटत राहिलं. पण त्याच्या मनात कुणा दुसऱ्याचा विचार आलाच नाही, आणि तो का येणार नाही हे विडिविकमध्ये जन्मलेल्या कुणालाही माहीत होतं. दुसऱ्याच्या ताणलेल्या दोरीला ह्या गावात कुणी हात लावत नाही. जाळं कुणाचंही असो, बर्फावर धनी असो वा नसो, वाटेत आडवी आली तरी माणूस दोरीला वळसा घालून जातो. लहान पोरांना चालायला शिकवतात तेव्हाच हे शिकवतात. होडीघराला म्हणून कुलूप नव्हतं. चोर असतील गावात, दोरीला हात लावणारा नव्हता.

ती होती.

त्यानंतर आस्गेर गप्प झाला. नवा पत्रा आला, काम सुरू झालं असं तो सांगायचा, पण ओळी टाकणं त्यानं बंद केलं. ही त्या दोघांची जुनी सवय, दोघांच्याही आज्या-आजोबांकडून आलेली. एकानं दोन चरण टाकायचे, दुसऱ्यानं जागच्या जागी पुढचे जोडायचे. लग्नाआधी, त्याचे मोजे ओले असताना, पहिली ओळ त्यानंच टाकली होती:

बर्फ म्हणे थांब थांब, वारा म्हणे पळ पळ.

आणि तिनं भांडं घासता घासता उत्तर दिलं होतं:

ओले मोजे म्हणती मेल्या, आधी चुलीपाशी वळ.

अडतीस वर्षांत असा एकही आठवडा कोरडा गेला नव्हता. आता एकदाच, एका सकाळी, कपाकडे बघत तो म्हणाला, “होडी गेली, दोरी उरली, दोरीला गाठी दोन...” आणि थांबला. ती वाट बघत राहिली. तो उठला, टोपी घातली आणि गेला. शब्द गिळला, असं लाउगाला वाटलं. बोलता बोलता काहीतरी बाहेर पडणार होतं, ते गिळलं.

*

शेजारची बोगा गुरुवारी कॉफीला आली. बोगा कप वाचायची. कॉफी संपली की कप उलटा करून चुलीच्या कडेला ठेवायचा, गाळ सुकला की बोगा त्यात डोकं घालायची. खरं कुणी मानत नव्हतं आणि चुकवतही नव्हतं.

“रस्ता आहे,” बोगा म्हणाली. तिच्या दातांत साखरेचा खडा होता, त्यातून ती कॉफी ओढत होती.

“कुणाचा?”

“कप तुझा. पण रस्ता तुझा वाटत नाही बाई. ह्या रस्त्यावर एकच चाकोरी आहे.”

“एका चाकाची गाडी असेल.”

“हस तू.” बोगानं कप फिरवला. “मंगळवारी कुठं होता तुझा नवरा?”

“होडीघरात. दुसरीकडे कुठं जाणार?”

“बरं. मग त्याचा ट्रक एकटाच शहराकडे निघाला असेल. माझ्या जावयानं पाहिला. ह्या मंगळवारी आणि गेल्याही.” बोगानं खडा ह्या गालातून त्या गालात घेतला. “आत माणूस होता म्हणतो. केस विंचरलेला.”

लाउगानं केकची सुरी उचलली. सात थरांचा, मधे आलुबुखाराचा गर भरलेला केक. तिनं बोगाला इतका जाड तुकडा कापला की तिचं तोंड बराच वेळ बंद राहावं.

केस विंचरलेला. दफनाला जातानासुद्धा ह्या माणसाच्या मागं कंगवा घेऊन धावावं लागतं.

बोगा गेल्यावर ती सरळ खुंटीपाशी गेली. त्याचा चांगला कोट तिथं होता, जो चर्चला आणि मतदानालाच निघायचा. कोटाला रेझिनचा वास नव्हता. सरोवराचाही नव्हता. फरशी पुसायच्या औषधाचा, आणि कसल्यातरी साबणाचा होता. आतल्या खिशात चौपट दुमडलेला कागद सापडला.

वर पेन्सिलीनं एक गोल काढला होता आणि गोलात आकडे, एक ते बारा. घड्याळ. दोन काटे. अकरा वाजून दहा मिनिटं. खाली आस्गेरच्या हातचे आकडे एकाखाली एक: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. तिथं पेन्सिल दाबली गेली होती, कागदाला भोक पडेल इतकी. पुढं काही नव्हतं.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. दर आकड्याला सात कमी. सात म्हणजे आठवडा. कुणीतरी आठवड्याआठवड्यानं दिवस मोजत होतं. पासष्ट उरले. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेली आणि नखानं मोजत गेली, मार्च संपला, एप्रिल संपला, आणि नख मेच्या विसाव्या तारखेवर थांबलं. त्या सुमाराला सरोवर फुटलेलं असतं, रस्ते कोरडे होतात, मागं खोली जोडून मोटार हाकता येते. अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळसुद्धा ठरली होती. त्यानं ती लिहूनही ठेवली नव्हती, चित्र काढलं होतं, जसं एखाद्या सुखाचं काढावं.

बाबांची गाडी किती वाजता सुटली होती हे आईला कधी कळलं नाही. लाउगाला निदान एवढं तरी कळलं होतं.

*

पुढच्या मंगळवारी न्याहारीला ती त्याच्यासमोर बसली. तो उकडलेल्या अंड्याचं कवच चमच्यानं फोडत होता.

“आज काय, होडीघर?”

“हो.”

“कुठवर आलंय?”

“डावी बाजू. नवा पत्रा टेकत आलाय.”

“रोज दोन टकच?”

आस्गेरचा चमचा थांबला. “दोनच,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता पुढं म्हणाला, “का विचारतेस?”

“सहज. बायकोनं विचारायचं नाही का?”

“विचार की.”

“मेमध्ये फाटकापाशी वाटाणे लावू म्हणते. तू आहेस ना आळी करायला?”

बाहेर कुणाचीतरी बर्फगाडी घुरघुरत गेली. “मेचं मेमध्ये बघू,” आस्गेर म्हणाला. उठला. दाराशी आरशात पाहिलं, तळवा ओला केला आणि केसांवरून फिरवला.

तो गेल्यावर खुंटीवर त्याचा चांगला कोट नव्हता. लाउगा दुपारपर्यंत भांडी तशीच टाकून बसली. मग आपला कोट चढवला, कागद खिशात घातला आणि बंदराची वाट धरली. वाटभर ती स्वतःला समजावत होती की आपण फक्त बघायला चाललो आहोत. आईनं कधी बघायला जायचं नाव काढलं नाही, त्याची आठवण तिला वाटेत दोनदा झाली.

होडीघरात शेगडी ढणढणत होती. अंड्याच्या दाराच्या जागेतून दोन बूट बाहेर आले होते. ते आस्गेरचे नव्हते.

“मुंडी.”

बूट दचकले. मुंडी उताणा पडून छताला आतून मॅट लावत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांतसुद्धा काचेचा भुगा होता, हातात रेझिनचा रोलर.

“लाउगा. ये ये. लवकर बोल पण, मालात हार्डनर घातलाय, दहा मिनिटांत दगड होईल.”

“आस्गेर कुठाय?”

“आत्ता इथंच होता.”

“आत्ता म्हणजे?”

“म्हणजे... फेब्रुवारीत,” मुंडी म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून रोलरकडे बघत राहिला. त्याला खोटं बोलता येत नसे. पत्त्यांच्या डावात गाव त्याला त्यासाठीच बोलवायचं.

“तीन आठवडे त्याच्या सदऱ्याला कुसळ नाही, मुंडी. रोज संध्याकाळी काम झालं म्हणतो. कुणाचं काम? कुठं?”

“त्यालाच विचार बाई. मी शब्द दिलाय.”

“मी तुला विचारतेय.”

मुंडीनं मान खाजवली, त्यामुळं कुसळं आणखी आत गेली आणि तो कळवळला. “म्हणजे अंड्यापाशी नाही, पण येतो तो. मंगळवार सोडून रोज येतो. पलीकडे जाळ्यांच्या खोलीत बसतो आणि काचेतून बघतो मला. ये, हात लाव म्हटलं तर लावत नाही. टक मी देतो, रेघा मी मारतो, आणि वर हा ओरडून विचारतो, किती झाले, किती झाले. घरी तुलाही असाच छळतो का?”

“आणि मंगळवारी?”

रोलरवरचं रेझिन एका थेंबानं लोंबायला लागलं.

“बरं, ते जाऊ दे,” लाउगा म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. “हे सांग. एकट्यालाच जायचंय त्याला?”

“एकट्याला? कुठं?”

“एकच बाक आहे आत. मी मोजलाय. सत्तावीस इंच.”

मुंडीनं तिच्याकडे पाहिलं, मग अंड्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “अगं, ती त्याची बाजू. तुझा बाक डाव्या भिंतीला. भिंतच फाटली तर बाक कशाला ठोकू, हवेला?” त्यानं कोपरानं खिळ्याकडे दाखवलं, कारण हात चिकट होते. “तुझं माप ते बघ. तू झोपलीस तेव्हा घेतलं म्हणतो. जागी असतीस तर म्हणे चार प्रश्न विचारले असतेस.”

खिळ्याला जाळ्याची जुनी दोरी टांगली होती. तिला दोन गाठी. लाउगानं ती काढली, एक गाठ बुटाखाली धरली, दुसरी ओढली. ती बरोबर तिच्या डोक्यावर येऊन टेकली.

होडी गेली, दोरी उरली, दोरीला गाठी दोन.

ती दोरी हातात घेऊन उभी राहिली. तिनं फोडलेली भिंत तिचीच होती. तेवढं कळूनही मनातला काटा निघेना. मग तो कागद? ते आकडे? माणूस बाक दोन करील आणि निघेल एकटाच. बाबांनीही जाण्याच्या आदल्या शनिवारी आईला नवे बूट आणले होते.

बाहेर ट्रक थांबला.

आस्गेर आत आला तो चांगल्या कोटात, केस विंचरलेले. त्यानं मुंडीकडे पाहिलं. मुंडी म्हणाला, “मी काही बोललो नाही,” आणि लगबगीनं पुन्हा अंड्यात शिरला, फक्त बूट बाहेर राहिले.

लाउगानं खिशातून कागद काढला.

“हा कोटात होता.”

आस्गेरचा हात पुढं आला. “दे तो.”

“नाही. आधी सांग. पासष्टनंतर काय?”

तो बोटांवर मोजायला लागला आणि मधेच थांबला.

“अठ्ठावन्न,” अंड्यातून मुंडी म्हणाला.

“ऐकलंस?” आस्गेर म्हणाला. “त्याला येतं. मुंडीला येतं.” तो होडीच्या टेकूवर बसला, कोटाला पांढरा भुगा लागला तरी उठला नाही. “शहरात एक डॉक्टर आहे. डोकं तपासणारा. शंभरातून सात काढा म्हणाला, मग आणखी सात, मग आणखी. अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढा म्हणाला. घड्याळ आलं. वजाबाकी पासष्टपर्यंत आली. मग मला बाबा दिसायला लागले, आणि पेन्सिल पुढं जाईना.”

त्याच्या बाबांना लाउगानं शेवटची चार वर्षं भरवलं होतं. एकाच भोकात दोनदा जाळं सोडणारे, मुलाला कुत्र्याच्या नावानं हाक मारणारे, एका जानेवारीत अनवाणी बर्फावर सापडलेले.

“तुला काय झालंय?” तिनं विचारलं. “मला तर काही दिसलं नाही. अडतीस वर्षं रोज बघतेय.”

“बाबांचंही आईला दिसलं नव्हतं. सुरुवातीला.” तो डाव्या भिंतीकडे बघत होता, जिथं नवा पत्रा पट्ट्याखाली वाकत होता. “तो पहिला पत्रा फाटला ना, मी चाक उलटं सोडत दात मोजले. तीस. कमानीवर रेघा चोवीस. सहा टक मी दिले आणि मला ते आठवत नाहीत, लाउगा. एखादा असता तर म्हटलं असतं, लक्ष नव्हतं. सहा वेळा हात फिरलाय माझा. मी उभा होतो इथं, आणि मी नव्हतो.”

शेगडीत लाकूड खचलं.

“डॉक्टरला मी पहिल्याच दिवशी हे सांगितलं. त्यानं बाकी काही लिहून घेतलं नाही, तेवढं लिहून घेतलं. पुढच्या मंगळवारी ठरेल. गाडी चालवायचा परवाना काढून घेतील बहुतेक.” त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तुला घेऊन समुद्राकडे जायचं होतं. पश्चिमेच्या. तुझे बाबा कुठं उतरले असतील ते तरी बघू, असं. पण मधेच कुठं डोंगरात मी विसरलो, आपण कुठं चाललोय, किंवा तू कोण, मग? म्हणून मुंडीला म्हटलं, तू पुरं कर आणि विकून टाक. तुला कसं सांगावं ते कळत नव्हतं. ओळ टाकायचीसुद्धा भीती वाटायची. अर्ध्यात अडकलो तर तुला कळेल.”

मुंडीचे बूट अगदी स्थिर झाले होते.

लाउगाच्या हातात दोरी होती. ती तिनं एका मनगटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. गप्प राहिलं तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. डॉक्टर काहीतरी लिहील. अंडं विकलं जाईल. आस्गेर घरी राहील, कुठंही जाणार नाही, रोज संध्याकाळी दारात बूट झटकील, आणि रोज थोडा थोडा त्याचा स्वतःवरचा विश्वास उठत जाईल. नवरा राहील. इतकी वर्षं तिला ज्याची भीती वाटत आली होती, ते कधीच घडणार नाही. फक्त बाही पिळून दोरीवर टाकायची.

तिनं त्याच्या कोटाची बाही धरली. भुगा लागला होता तिला. बोटांना टोचलं.

“आस्गेर, इकडे बघ,” ती म्हणाली. “तुझं डोकं ठीक आहे. ते सहा टक तू दिलेच नाहीस. मी दिले.”